पोथ्यांची छायाचित्रे नंतर, आधी पान मोजून यादी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या संस्कृत पोथ्यांचे सर्वेक्षण आणि छायांकन यांच्या बातम्या हल्ली आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळतात. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम’ मोहीम जाहीर झाली आणि देशभरातील एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या आमच्या पट्ट्यातील घरांत हे काम प्रत्यक्ष येते तेव्हा त्याचा क्रम उलटा लागतो, असा माझा अनुभव आहे. माणसे येतात ती स्कॅनर घेऊन. बासनात, म्हणजे पोथ्या बांधून ठेवलेल्या कापडात, काय आहे, ते किती पानांचे आहे आणि त्यातले कोणते पान नाही, हे पाहायला कोणाला सवड नसते. हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मी ओळखीपाळखीच्या पंधरा-वीस घरांतील पोथ्या उलगडून त्यांची टिपणे करीत आहे. त्यावरून सुचलेली एकच विनंती मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आधी यादी व्हावी, आणि तीही मालकाच्या घरी, मालकाच्या डोळ्यांदेखत, पान मोजून, छायाचित्रे त्यानंतर.

उदाहरण घरचेच देतो. आमच्याकडे निर्णयसिंधूची एक अर्धवट पोथी आहे. कमलाकरभट्टांनी काशीत १६१२ साली पूर्ण केलेला हा धर्मशास्त्राचा ग्रंथ. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, श्राद्धतिथी दोन दिवसांत विभागली गेली तर काय करायचे, अशा प्रश्नांसाठी पूर्वी भिक्षुकाच्या घरी तो लागायचाच. काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे दोन तरुण आमच्याकडे नोंदणीसाठी आले होते. चहा झाला, चार बासने त्यांनी वरूनच पाहिली आणि छापील अर्जावर लिहिले : ‘हस्तलिखित, गठ्ठे ४’. मी आग्रह धरल्यावर एका बासनाची गाठ सुटली, चार-दोन पाने उलटली गेली आणि त्या पोथीपुढे नोंद झाली ‘रामायण’. ते गेल्यावर या नावाचा उगम शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. आपल्याकडील पोथीत पानाच्या मागच्या बाजूला, डाव्या समासात वरती ग्रंथनावाची आद्याक्षरे आणि पानाचा आकडा असतो, आणि उजव्या समासात खालती त्याच आकड्याजवळ पुष्कळदा ‘राम’ एवढेच लिहिलेले असते. लिहिणाऱ्याने दर पानागणिक घेतलेले ते देवाचे नाव. त्या मुलांना मी फारसा दोष देत नाही. त्यांना दिवसाकाठी ठरावीक घरे उरकायची होती आणि समास कसा वाचायचा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण ती नोंद कोठल्यातरी संगणकात आजही ‘रामायण’ म्हणूनच बसून असणार, आणि निर्णयसिंधूच्या पाठांचा, म्हणजे प्रतीप्रतींतील शब्दांच्या फरकांचा, अभ्यास करणाऱ्याला ती कधीही सापडणार नाही.

त्याच पोथीच्या शेवटच्या पानावर पुष्पिका, म्हणजे प्रत कधी लिहून झाली ते सांगणारा समारोपाचा मजकूर, आहे. ‘शके १७’ एवढे दिसते, पुढचा आकडा कसरीने (कागद खाणाऱ्या किडीने) खाल्ला आहे, त्यानंतरचा ‘८’ शाबूत आहे आणि पुढे ‘पराभवनामसंवत्सरे भाद्रपद शुद्ध पंचमी’ हे स्वच्छ वाचता येते. संवत्सरांची नावे साठ वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे आकडा गेला तरी नावावरून शक बांधता येतो, असे आम्ही विद्यार्थ्यांना मोठ्या विश्वासाने सांगत असू. येथे पंचाईत अशी की पराभव संवत्सर शके १७०८ मध्येही येते आणि शके १७६८ मध्येही. म्हणजे ज्या एका आकड्यावर साठ वर्षांचा फरक अवलंबून होता, नेमका तोच कसरीने निवडला. तिथीपुढे वार लिहिला होता म्हणून निभावले. पंचांगाचे गणित जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी दोन्ही वर्षांच्या भाद्रपद शुद्ध पंचमीचे वार काढून दिले आणि शके १७०८, म्हणजे इसवी सन १७८६, हे नक्की झाले. (चालू शके १९४८ चे नावही पराभवच, पोथी लिहून झाल्याला चार फेरे पूर्ण झाले.) छायाचित्र काढले असते तर त्यात ते भोक अगदी स्पष्ट दिसले असते, पण त्या भोकाचा हिशेब छायाचित्राने मांडला नसता.

यादी म्हणजे काय, याविषयीही गैरसमज फार आहेत. ग्रंथाचे नाव आणि मालकाचे नाव लिहिले की झाली यादी, असे नव्हे. चांगल्या वर्णनात्मक सूचीत ग्रंथकार, टीका (ग्रंथावरील स्पष्टीकरण) असल्यास टीकाकार, लिपी, कागद की ताडपत्र, पानाची लांबी-रुंदी, एका बाजूवरील ओळी, ओळीतील सरासरी अक्षरे, असलेली आणि नसलेली पाने, आरंभाची व शेवटची दोन-तीन वाक्ये आणि पुष्पिका, एवढे तरी असावेच लागते. यांपैकी ओळी आणि अक्षरे मोजण्याला लोक हसतात. त्यांचा उपयोग सांगतो. अनुष्टुभ् छंदातील एका श्लोकाची बत्तीस अक्षरे म्हणजे एक ग्रंथ, हे पूर्वीचे लेखनाचे माप. लिहिणावळही याच मापाने ठरत असे. आमच्या पोथीत एका बाजूला दहा ओळी आणि ओळीत सुमारे ३८ अक्षरे आहेत. दोन्ही बाजू मिळून ७६० अक्षरे, त्यांना ३२ ने भागले की दर पानाला पावणेचोवीस ग्रंथ येतात. मधली पाच पाने गहाळ असतील तर किती मजकूर गेला हे या मापावरून चटकन कळते, आणि दुसऱ्या गावी सापडलेली सुटी पाने याच पोथीची असू शकतील की नाही, याचा पहिला अंदाजही त्यावरूनच बांधता येतो.

एक गंमत येथेच नोंदवतो, कारण तिच्यामुळे अनेक याद्या बिघडल्या आहेत. पोथीच्या शेवटी ‘लेखक’ म्हणून ज्याचे नाव येते तो बहुधा ग्रंथ रचणारा नसतो, ती प्रत बोरूने उतरवून काढणारा असतो. हे ठाऊक नसलेल्या नोंदणीदाराच्या हाती अमरकोशासारखा प्राचीन संस्कृत शब्दकोश पडला की त्याच्या कर्त्याच्या रकान्यात खानापूर तालुक्यातील एखाद्या उपाध्यायाचे नाव जाऊन बसते.

आता, हे सगळे ग्रंथ छापून झाले आहेत, मग हाताच्या प्रती जपायच्या कशाला, असा प्रश्न मला घरोघर विचारला जातो आणि तो अडाणीपणाचा नाही. त्याचे उत्तर पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत मिळते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुखटणकर हे तिचे प्रमुख संपादक होते आणि तिच्यासाठी १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. महाभारत त्याआधी छापलेले नव्हते असे थोडेच आहे? ते छापलेले होते, घरोघर वाचलेही जात होते. तरी कोणता श्लोक कोणत्या प्रदेशातील प्रतींत आहे आणि कोणत्यांत नाही, हे एका पोथीवरून ठरत नाही, त्याला शेकडो पोथ्या शेजारी ठेवाव्या लागतात. दुसरे उदाहरण कर्नाटकातलेच आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र इतर ग्रंथांतील उल्लेखांवरून नावानेच माहीत होते. १९०५ साली तंजावरकडच्या एका पंडिताने म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिलेल्या ताडपत्रांत ते निघाले आणि तेथील रु. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या पंडिताच्या घरी कोणी जाऊन ‘हस्तलिखित, गठ्ठा १’ अशी नोंद करून परतला असता, तर पुढे काय झाले असते याचा विचार करावा.

आमच्या सीमाभागातील पोथ्यांची अडचण मात्र यापेक्षा थोडी वेगळी आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे येथल्या विद्वानांची नजर पुण्याकडे असे. पोथी दुर्मीळ वाटली की ती पुण्याला पाठवायची, अशी रीत होती. नंतर कारभार बंगळुराकडे गेला. तेव्हापासून देवनागरी पोथी म्हणजे ती मराठी लोकांची, असे एका बाजूने धरले जाते, आणि बेळगाव म्हणजे आता कर्नाटकाचे काम, असे दुसऱ्या बाजूने. पोथी संस्कृतात आहे, ती यांपैकी कोणाच्याच भांडणात नव्हती, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. मी मराठी माणूस आहे आणि भाषेच्या प्रश्नावरची माझी मते मला आहेत. पण पोथीच्या बाबतीत मी कन्नड जाणणाऱ्या माणसावाचून एक पाऊलही पुढे जाऊ शकलेलो नाही, हे कबूल केले पाहिजे.

का, ते सांगतो. बेळगावातील एका घरी मेघ, वर्षाकाळ असे वर्णन असलेल्या काव्याची काही सुटी पाने पाहत होतो. अक्षर सुंदर, देवनागरी वळणदार, पण पर्जन्याच्या ‘धारा’ जेथे पडायला हव्यात तेथे सरळ ‘दारा’ पडत होत्या, म्हणजे आकाशातून बायका! एकदा झाले तर हातचूक म्हणता येईल. हीच अदलाबदल पानोपानी दिसू लागली तेव्हा मी ती पाने शेजारच्या कन्नड शिक्षक मित्राला दाखवली. त्याने क्षणात सांगितले की कन्नड लिपीत ‘द’ आणि ‘ध’ यांत फरक असतो तो खालच्या एका लहानशा रेघेचा, आणि ‘प’ व ‘फ’ यांतही तसेच. म्हणजे देवनागरीत उतरवणाऱ्यासमोर मूळ प्रत कन्नड लिपीतील होती, आणि तिच्यातील ती बारीक रेघ त्याच्या डोळ्यांतून निसटत होती. सीमेवर पोथ्या अशा लिपी बदलत ये-जा करीत होत्या. कोणत्या लिपीतून कोणत्या लिपीत पाठ गेला, याचा असा पुरावा पुण्यातल्या किंवा म्हैसुरातल्या संग्रहात मिळण्यापेक्षा आमच्यासारख्या दोन्ही लिप्यांच्या गावांत अधिक मिळावा, असे मला वाटते. पण तो ओळखायला दोन्ही लिप्या येणारी माणसे एका चटईवर बसली पाहिजेत.

या भागात असे काम करणारा माणूस होऊन गेलेला आहे. डॉ. आ. ने. उपाध्ये १९०६ साली चिकोडी तालुक्यातील सदलग्यात जन्मले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवीत असताना त्यांनी जैन प्राकृत व संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती ताडून एकामागून एक संपादने केली; प्रवचनसार या प्राकृत जैन ग्रंथाची त्यांची आवृत्ती १९३५ ची आहे. चिकोडी, अथणी, रायबाग भागातील जैन बस्त्यांमध्ये (मंदिरांत) आणि घरांत कन्नड लिपीतील संस्कृत-प्राकृत पोथ्या असतात, आणि लिंगायत मठांत कन्नड वाङ्मयाबरोबर संस्कृतही असते. ब्राह्मणांच्या घरातील लाल बासने म्हणजेच संस्कृत पोथ्या, असे समजून निघालेल्या सर्वेक्षणाला यांतला मोठा हिस्सा दिसणारच नाही.

सूची करण्याची कल्पना आपल्याकडे नवीन आहे असेही नाही. मुंबई सरकारने १८६६ पासून हस्तलिखिते गोळा करण्याचे काम हाती घेतले, त्यात ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रा. गो. भांडारकर अशी माणसे होती, आणि तो सरकारी संग्रह डेक्कन कॉलेजातून १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे आला. यांपैकी फ्रान्झ कीलहॉर्न यांनी मुंबई इलाख्याच्या दक्षिण विभागातील संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची केली आणि तिचा पहिला भाग १८६९ साली मुंबईत छापला गेला. बेळगाव याच दक्षिण विभागात मोडत असे. पुढे ऑफ्रेख्त या जर्मन पंडिताने अशा सर्व सूचींची मिळून एक महासूची केली, तिचे तीन भाग १८९१ ते १९०३ या काळात निघाले. आणि तिचीच नवी, विस्तारलेली आवृत्ती मद्रास विद्यापीठाने १९३५ मध्ये हाती घेतली. घरच्या पोथीची नोंद नीट झाली तर ती या मोठ्या साखळीत जाऊन बसू शकते. ‘गठ्ठे ४’ ही नोंद मात्र कोठेच बसत नाही.

जतनाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण नुकसान बहुतेक वेळा प्रेमापोटीच झालेले मी पाहिले आहे. पोथीची शाई काजळी आणि बाभळीचा डिंक यांची असते. ती उन्हाने विटत नाही, पण ओल लागली की डिंक सुटतो आणि पाने एकमेकांना धरतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिकोडी तालुक्यातील आमच्या एका नातलगांच्या माजघरात पाणी शिरले. पेटी बाहेर काढली तेव्हा वरची बासने कोरडी होती, खालचे एक भिजून विटेसारखे झाले होते. त्यांनी ते कडक उन्हात वाळवले आणि मग सुरीच्या पात्याने पाने सोडवली. मी गेलो तेव्हा एका पानाची अक्षरे समोरच्या पानावर उलटी उमटून आली होती आणि मूळ पान जवळजवळ कोरे पडले होते. आरसा धरून त्यातल्या चार ओळी वाचता आल्या, तेवढ्याच वाचल्या. भिजलेली पोथी सावलीत, वाऱ्यावर, मध्ये टिपकागद घालून हळूहळू वाळू द्यावी आणि पाने सहजासहजी सुटत नसतील तर तशीच जाणकाराकडे न्यावी, एवढे त्यांना कोणी आधी सांगितले असते तर ती पोथी बचावली असती.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत पण घरोघर त्याच. फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिकट डाग कागदात कायमचा उतरतो. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करणे तर पोथीला जिवंत पुरण्यासारखे आहे, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. पिठाची खळ लावून पाने जोडली तर कसरीला आयते खाद्य मिळते. डांबरगोळ्यांपेक्षा आजीचे वेखंड आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला बरा, तोही पानांना लागू न देता बासनाबाहेर पुरचुंडीत ठेवलेला. बासन धुवट सुती कापडाचे, वरखाली लाकडी फळ्या, आणि गाठ घट्ट. जुने लोक हे सगळे एका श्लोकात सांगून गेले आहेत, आणि तो कित्येक पोथ्यांच्या शेवटी पोथीच्याच तोंडी घातलेला सापडतो : ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्। मूर्खहस्ते न दातव्यमेवं वदति पुस्तकम्॥’ तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला सांभाळा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असे पुस्तक म्हणते. यातले पहिले पथ्य आपण पूजेच्या निमित्ताने मोडतो. मी पाहिलेल्या पोथ्यांपैकी क्वचितच एखादीचे पहिले पान हळदकुंकवाच्या आणि निरांजनाच्या तुपाच्या डागांवाचून राहिले आहे. पूजा बासनाची करावी, पानाची करू नये, अशी विनंती मी आता यजमानीणबाईंना हात जोडून करतो, काही ऐकतात.

पिवळा डाग दिसला की तो हळदीचाच असतो असेही नाही. लिहिताना चूक झाली तर त्या अक्षरांवर हरताळ नावाच्या पिवळ्या खनिजाचा लेप देऊन ती झाकत आणि त्यावर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथून आलेला आहे. हरताळात सोमल (आर्सेनिक हे विष) असतो, म्हणून बोटाला थुंकी लावून पाने उलटण्याची सवय पोथीच्याही आणि वाचणाऱ्याच्याही मुळावर येते. तो पिवळा पट्टा मळ समजून पुसून काढणारे एक गृहस्थ मला भेटले आहेत. त्यांनी पानावरची दुरुस्ती पुसली आणि खालची चूक पुन्हा वर आणली.

पोथ्या नाहीशा होण्याची सर्वांत मोठी वाट मात्र कसर आणि वाळवी ही नाही. खानापूरकडील एका घरातील आजी मला म्हणाल्या, “वाचणारं कुणी ऱ्हायलं नाही बघा. रद्दीत घालायचं पाप नको म्हणून पोरानं सगळं मलप्रभेला सोडलं.” त्यांच्या आवाजात अपराध नव्हता, कर्तव्य पार पाडल्याचे समाधान होते. दुसऱ्या एका वैद्यांच्या घरून बाहेरगावच्या कोणा अभ्यासकाने औषधीविषयक पोथी ‘आठ दिवसांत परत करतो’ म्हणून नेली, तिला आता पुष्कळ वर्षे झाली. किती पानांची होती, कोणता ग्रंथ होता, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. यादी असती तर निदान मागायचे काय ते तरी कळले असते. त्या घरातली उरलेली बासने कोणाच्या दृष्टीस पडू द्यायला आता ते तयार नाहीत, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आपल्याकडे नवरात्रात मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन होते आणि खंडेनवमी-दसऱ्यापर्यंत पोथ्या पाटावर मांडल्या जातात. वर्षभर कपाटात असलेली बासने त्या दिवसांत आपोआप बाहेर येतात, पाऊस ओसरलेला असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते. याच आठवड्यात प्रत्येक गावातून दोन माणसांनी, एक देवनागरी चांगली वाचणारा आणि एक कन्नड, घरोघर जाऊन यादी करावी. मोडी वाचणारा तिसरा मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण संस्कृत पोथीच्या कोऱ्या बाजूंवर आणि वेष्टनाच्या कागदांवर मोडीतले हिशेब, कावीळ उतरवण्याची औषधे, मुलीच्या लग्नाची आमंत्रणयादी असे बरेच काही लिहिलेले असते आणि त्यावरून ती पोथी कोणत्या गावातून आली हे कधीकधी कळते. अर्ज मराठी-कन्नड असा दुभाषी असावा. त्याची एक प्रत मालकाकडे सही-शिक्क्यासह राहावी. छायाचित्रे काढायचीच झाली तर ती तेथेच, घरात, दोन्ही बाजूंची आणि कोऱ्या पानांचीही घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवून. पोथी घराबाहेर नेऊ नये. आपले दैनिक दसऱ्याच्या पुरवणीत अशा अर्जाचा नमुना एक पानभर छापू शकेल तर निम्मे काम होईल. निवृत्त शिक्षकांची आमच्याकडे वाण नाही आणि त्यांना सवडही आहे.

लोकांच्या मनातली एक भीती मात्र आधीच दूर करायला हवी. यादीत नाव गेले की सरकार पोथी उचलून नेईल, असे पुष्कळांना वाटते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचे, निदान ७५ वर्षे जुने हस्तलिखित पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी नेता येत नाही. ते घरात जपून ठेवणे मात्र गुन्हा नाही. चित्रे असलेली पाने सुटी करून चार पैशांसाठी विकणाऱ्यांनी या कायद्याला भ्यावे; देवघराच्या फळीवर बासन ठेवणाऱ्याने भिण्याचे कारण नाही.

शेवटी एक खासगी वाटेल अशी, पण याच विषयाची विनंती. आमच्या निर्णयसिंधूच्या पोथीची पाने १८३ पासून सुरू होतात. आजोबांच्या काळी घराची वाटणी झाली तेव्हा भांडी, शेते यांबरोबर पोथ्याही वाटल्या गेल्या, आणि ही पोथी जाड म्हणून तिचे अंदाजाने दोन भाग केले गेले. पहिला भाग चुलत आजोबांकडे गेला. ते निपाणीस राहायला गेले, पुढे त्यांच्या घराण्याचा पत्ता लागला नाही. पाने सुमारे वीतभर रुंद आणि दीड वीत लांब आहेत, बाजूला दहा ओळी, दोन्ही समासांवर तांबड्या दुहेरी रेघा, डाव्या समासात ‘नि. सिं.’ आणि उजव्या समासात खालती ‘राम’. निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज भागात कोणाच्या घरी १८२ व्या पानावर वाक्य अर्धे सोडून संपणारी अशी पोथी असेल, तर ती त्यांचीच राहू द्यावी. आमच्या १८३ व्या पानाची पहिली ओळ मी सोबत लिहून पाठवीत आहे; कोणी विचारणा केल्यास ती त्यांना द्यावी, म्हणजे त्यांच्या शेवटच्या ओळीशी जोडून पाहता येईल.

आपला,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक
शहापूर, बेळगाव